रिकामा तळहात

फौजदार सुकेशनी मॅडम आमच्या घरी आल्या तेव्हा अप्पा दुकानात तूरडाळ मोजत होते. ताडकळसच्या बाजाररस्त्याला आमचं किराणा दुकान. पुढं दुकान, मागं घर, मधे फुलाफुलांचा एक पडदा. मॅडम गणवेशात नव्हत्या, साध्या साडीत आल्या होत्या. जीप त्यांनी लांब, शाळेपाशी लावायला सांगितली होती. ती त्यांची मेहेरबानी होती आणि ती मेहेरबानी आहे हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

त्या खुर्चीच्या कडेला बसल्या. म्हणाल्या, "शिवरुद्रला बोलवा."

माझा धाकटा भाऊ आतून आला. केसांना पाणी लावलेलं, अंगात इस्त्रीचा शर्ट. कुठंतरी निघाला होता. कुठं, ते आता लपून राहिलं नव्हतं.

"मोबाईल द्या."

त्यानं नाही म्हटलं नाही, पण हात काही पुढं येईना. शेवटी मीच तो त्याच्या बोटांतून सोडवला. झोपलेल्या लेकराच्या मुठीतून खेळणं काढावं तसं एकेक बोट उघडावं लागलं. मॅडमनी मोबाईल पाकिटात घातला, पाकीट बंद करून त्यावर पंचांच्या सह्या घेतल्या. पंच म्हणजे आमचेच शेजारी, तात्याराव आणि सूर्यभान. मायनं चहा आणला. मॅडमनी कपाला हात लावला नाही. पडद्यापलीकडं तराजूची पारडी वाजत होती, डाळ ओतल्याचा आवाज येत होता.

नंतर कळलं, दुकानात तेव्हा गिऱ्हाईक कुणीच नव्हतं.

मी वकील आहे. परभणीच्या कोर्टात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काम करते, रोज एसटीनं जाते-येते. कलम अठ्ठ्याहत्तर मला पाठ होतं. पूर्वी तेच तीनशे चौपन्न-ड होतं, न्याय संहिता आली आणि आकडा बदलला. बाईनं स्पष्ट नाही म्हटल्यावरही पुरुष तिच्या मागं मागं जात राहिला, तिच्याशी संपर्क करू बघत राहिला, किंवा तिच्या मोबाईल-इंटरनेटवर नजर ठेवू लागला, तर तो पाठलागाचा गुन्हा. पहिल्यांदा दोषी ठरला तर तीन वर्षांपर्यंत कैद. जामीन हक्काचा. पुन्हा ठरला तर पाच वर्षांपर्यंत, आणि जामीन कोर्टाच्या मर्जीवर. दुसऱ्यांच्या भावांसाठी हे सगळं मी कोर्टात कितीदा तरी बोलले होते. त्या दुपारी कलमातला एकेक शब्द मी माझ्या भावाच्या अंगावर शर्टासारखा चढवून बघितला. कुठं ढिला झाला नाही, कुठं अपुरा पडला नाही.

ती मुलगी ऋतुजा. चुडाव्याची, आमच्याच समाजातली, सोमेश्वर गुरुजींची. पूर्णेच्या एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायची, रोज रेल्वेनं जायची. शिवरुद्र दुकानाचा माल घेऊन गावोगाव फिरायचा, तसा चुडाव्यालाही जायचा. तिनं एकदा स्टेशनवर चारचौघांत त्याला सांगितलं होतं, "माझ्या मागं येऊ नको. मला तू नको आहेस." याहून स्पष्ट काय असतं? त्यानंतरही तो जात राहिला. तिच्या नव्या नंबरावर त्याचे मेसेज गेले. तिचं एक खातं त्यानं कसंतरी स्वतःच्या मोबाईलवर उघडून ठेवलं होतं. ती कुणाशी काय बोलते ते सगळं तो वाचत होता, आणि वाचलेलं तिलाच उलट पाठवत होता.

जामीन त्याच दिवशी ठाण्यात झाला. अप्पांनी सही केली. घरी येऊन त्यांनी गाडीची चावी कनवटीला लावली आणि म्हणाले, "उंबऱ्याच्या भाईर पाय टाकलास तर मी मेलो समज."

गावाला बोलायला विषय झाला. कमलबाई पोहे घ्यायला आली आणि पडद्याकडं बघत म्हणाली, "काय अप्पा, पोराचा मोबाईल ठाण्यात दुरुस्तीला टाकलाव म्हनं?" अप्पांनी पोहे बांधून दिले, पैसे घ्यायचे विसरले. तात्याराव संध्याकाळी सूर्यभानला घेऊन आले आणि बसले. पंच म्हणून सही करणारे तेच, आणि आता तोडगा घेऊन येणारेही तेच.

"माझं ऐका. दोनी घरं आपलीच. मुलगी चांगली हाय. सोयरीक करून टाका, केस आपोआप मिटती."

"तिनं नाही म्हटलंय, काका," मी म्हणाले.

"आगं, पोरी आधी न्हाईच म्हनतेत. तुझ्या काकूनं काय हौसंनं माळ घातली व्हती का मला?"

सूर्यभान हसला. अप्पा हसले नाहीत. पण त्यांनी उठून तात्यारावांना घालवलंही नाही, आणि मीही नाही. गुरुजींकडं निरोप गेला. त्यांनी दार उघडलं नाही. महिनाभरात ऋतुजा चुडाव्यातून दिसेनाशी झाली. कुठं गेली, ते तिच्या घरच्यांनी कुणालाच कळू दिलं नाही.

जातं आमच्या घरात आता नाही, पण माय डाळ निवडताना ओव्या गुणगुणते. त्या दिवसांत एक ओवी तिच्या तोंडात सारखी असायची.

लेकीची चालरीत, खाली मान, खाली डोळा,
लेकाच्या नजरंला, कुन्या बाईनं घातला आळा?

लहानपणी ही ओवी मला शिकवण म्हणून ऐकवली जायची, पहिल्या ओळीवर जोर देऊन. आता माय पहिली ओळ म्हणायची आणि दुसरीपाशी आली की सुपातले खडे बघत गप्प व्हायची.

मग एक दिवस मी कोर्टातून आले तर मायचा चेहरा उजळलेला.

"शिवा पूजेला बसायलाय," ती हळूच म्हणाली. "सकाळी बसला, दुपारी बसला. आपल्यापनानं. अप्पांनी येका शब्दानं सांगितलं न्हाई बघ."

आमच्यात लहानपणीच लिंगधारणा होते. शिवदाऱ्यात ओवलेली चांदीची डबी गळ्यात, डबीत इष्टलिंग. अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून, डाव्या तळहातावर लिंग घ्यायचं, हात डोळ्यांसमोर धरायचा आणि एकटक बघत बसायचं. अप्पा रोज बसतात. शिवरुद्र मात्र शाळा सुटल्यापासून कधी बसला नव्हता. मायनं दारावरून जाणाऱ्या प्रत्येकीला थांबवून सांगितलं. "लेकरू सुदरलं माय. लिंगपूजेला लागलं." कमलबाईलासुद्धा सांगितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिनं डोक्यावरचा पदर थोडा मागं सारला होता. मलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, न्यायाधीशांसमोर हे सांगता येईल असंही मनात आलं.

रविवारी त्याला जेवायला बोलवायला मी मागच्या खोलीत गेले. तिथं साखरेची पोती असतात, एक खिडकी आहे. दार लोटलेलं होतं. तो पाटावर बसला होता, कपाळावर भस्माचे पट्टे, डावा हात डोळ्यांसमोर. पूजा मोडू नये म्हणून मी उंबऱ्यातच थांबले.

खुंटीला काहीतरी चमकलं. त्याचा शिवदारा होता. डबी बंद होती आणि तिच्या कडेला कोळ्यानं जाळं धरलं होतं.

मी त्याच्या हाताकडं बघितलं. तळहात रिकामा होता.

त्याचा अंगठा हलत होता. खालून वर. थांबत होता, पुन्हा खालून वर. मग त्यानं उजव्या हाताची दोन बोटं त्या रिकाम्या तळहातावर टेकवली आणि हळूच फाकवली, आणि मान पुढं करून जवळून बघू लागला.

"शिवा."

त्यानं वर बघितलं नाही. "केस वले हायत तिचे," तो म्हणाला. "सर्दी व्हईल."

मी तर्काला धरून चालणारी बाई आहे. मला वाटलं, दुसरा मोबाईल आहे. तो अंघोळीला गेल्यावर मी ती खोली उलटीपालटी केली. पोत्यांच्या मागं, गादीच्या शिवणीत, पत्र्याच्या फटीत बघितलं. चौकातल्या रिचार्जवाल्याला विचारलं. चुडाव्याकडचा कुणी मित्र दुकानात येऊन निरोप देतो का, ते अप्पांना विचारलं. कुणी येत नव्हतं. आमच्या दुकानात तेव्हा फारसं कुणीच येत नव्हतं.

मग मी त्यालाच विचारलं.

"कुठं आहे ती?"

"गाव म्हाईत न्हाई. खिडकीतून नदी दिसती. लय मोठी. खालच्या घरात शिलाई मशीन हाय, दिसभर चालू असती. खिडकीला ती कागद लावायलीय." तो साधेपणानं सांगत होता, पावसापाण्याचं सांगावं तसं. "ताई, मी काय करत न्हाई. मागं जात न्हाई, फोन करत न्हाई. ती बरी हाय का, येवढंच बघायलोय."

मी त्याच्या तळहातात डोकावले. मला हात दिसला. माझ्या भावाचा हात, पोती उचलून घट्टे पडलेला.

मायला मी काहीच सांगितलं नाही. तिनं मठातल्या स्वामींना बोलावलं होतं, लेकराला आशीर्वाद द्यायला. स्वामी म्हातारे, हळू चालणारे. मायनं त्यांचे पाय धुतले, पाणी डोळ्यांना लावलं आणि कौतुकानं त्यांना मागच्या खोलीत नेलं. मी मागोमाग गेले. मला अडवायचं होतं आणि काय सांगून अडवायचं ते सुचत नव्हतं.

शिवरुद्र तसाच बसलेला. स्वामी त्याच्या बाजूला गेले, वाकले आणि त्याच्या तळहातात बघितलं.

दुसऱ्या क्षणी त्यांनी नजर खाली घातली. चुकून न्हाणीत डोकावलेला माणूस घालतो तशी. म्हातारी मान लाजेनं लालबुंद झाली होती. खांद्यावरची शाल त्यांनी तोंडावर ओढून घेतली आणि भिंतीला हात लावत बाहेर आले.

"काय झालं, सामी?" माय घाबरली.

"चन्नबसम्मा," ते शालीच्या आडून म्हणाले, "त्या लेकीवर कायतरी पांघरूण घाला."

दक्षिणा न घेता ते गेले. माय पडदा धरून उभी राहिली. त्या दिवसापासून तिचा पदर पुन्हा पुढं आला, आणि ओवी बंद झाली.

दुसऱ्या दिवशी मी कोर्टाच्या आवारातून सुकेशनी मॅडमना फोन केला. जे बघितलं ते सांगितलं. सांगताना माझाच आवाज मला एखाद्या खोट्या साक्षीदारासारखा वाटत होता.

मॅडम हसल्या नाहीत.

"तुम्ही वकील," त्या म्हणाल्या. "मग तुम्हीच सांगा, हे कोणत्या कलमात बसवू? मागं गेला नाही. फोन नाही, मेसेज नाही. मोबाईल माझ्या कपाटात सीलबंद हाय. आरोपपत्रात काय लिहू? सदर आरोपी आपल्या हाताकडं बघत बसतो?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तिकडूनबी तीच तक्रार हाय," त्या म्हणाल्या. "रोज फोन येतोय पोरीचा. मी अजून लिहून घेतलेलं नाही. काय लिहावं तेच कळंना गेलंय." त्यांनी आवाज खाली आणला. "तिचं एक म्हणणं हाय. नियमात बसत नाही, पण मी घेऊन जाईन. ती म्हणाली, त्याच्या घरचं कुणीतरी येऊन बघू द्या, मी कशी राहायलेय."

गंगाखेडला मॅडम आणि मी दुपारी पोचलो. उसाच्या गाड्यांनी रस्ता तुंबला होता, हवेत मळीचा वास. गोदावरीच्या अंगाला एक बोळ, बोळाच्या टोकाला दुमजली घर. खालच्या खोलीत एक बाई शिलाई मशीन चालवत होती. तो आवाज ऐकला आणि मी जिन्याच्या पहिल्या पायरीवरच थांबले.

ऋतुजानं दार उघडलं. खोलीत अंधार होता. खिडकीच्या काचांवर वर्तमानपत्रांचे थर, वर चादर, चादरीवर साडी. ऐन दुपारी ती अंगभर ओढणी घेऊन, डोकं झाकून होती. मी तिला पूर्वी एका लग्नात बघितलेलं. खळखळून हसणारी मुलगी. आता तिचे खांदे कानांपर्यंत चढलेले होते, कुणीतरी मागून हाक मारणार असल्यासारखे.

तिनं आम्हाला चहा दिला. मग कॉटवर बसून मॅडमकडं बघत बोलू लागली, माझ्याकडं नाही.

"पहिल्यांदा जमीन गरम लागायची. मला वाटलं, ताप असंल. मग भिंती. अशा वळतेत." तिनं आपली बोटं हळूहळू आत वळवून दाखवली. "चहूकडून. मधे मी. आणि वरून कायतरी सरकतं. अंगावरून."

"काय सरकतं?" मॅडमनी विचारलं.

तिनं अंगठा हलवून दाखवला. खालून वर. थांबून, पुन्हा खालून वर.

मी कप तसाच खाली ठेवला. ऋतुजानं तेव्हा माझ्याकडं बघितलं.

"कधीकधी दोन ठिकानी दाब येतो," ती म्हणाली, "आणि मग सगळं फाकतं. मी मोठी मोठी व्हत जाते. तेव्हा तो लय जवळ असतो. कापडं बदलायची तर मी चादरीखाली बदलते, ताई. तरी कळतं मला. कापडाचा काय उपेग होत न्हाई."

खालची मशीन थांबली, पुन्हा सुरू झाली.

"माफ कर आम्हाला," मी म्हणाले. तो शब्द त्या अंधारात इतका स्वस्त वाजला की मला तो परत घ्यावासा वाटला.

"माफी नको मला." तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "गावात सगळे मलाच सांगत व्हते, खाली बघून चाल, नंबर बदल, नोकरी सोड, गाव सोड. सगळं केलं. आता काय सोडू? मी चादरीखाली जगायलेय. हात तुमच्या घरचा हाय ना? मग तुमी धरा तो."

आम्ही उठलो. जिना उतरताना मॅडम एकच वाक्य बोलल्या, तेही स्वतःशीच. "हे तर कुणाच्या बापाला लिहिता येणार नाही."

मी घरी आले तेव्हा ऊन कललं होतं. मागच्या खोलीत शिवरुद्र बसलेला. मी दारात पाऊल टाकलं आणि तो म्हणाला, "चहा पिली न्हाईस तू. तिनं साखर जास्त टाकली व्हती तुझ्यासाठी."

मी त्याच्या समोर जमिनीवर बसले. दोन्ही हातांनी त्याचा डावा हात धरला आणि मूठ मिटली.

"ताई, सोड."

"नाही."

"दिसंना गेली ती."

"दिसू नये."

त्यानं हात ओढला. तो माझ्याहून ताकदीचा आहे, पण मी सगळं अंग त्या मुठीवर टाकलं. हात तापत चालला होता. तव्यावरून नुकत्या काढलेल्या भाकरीसारखा. तो ओरडू लागला. माय दारात आली, पदर तोंडात धरून उभी राहिली. अप्पा पडद्यापाशी आले. त्यांनी आमच्याकडं बघितलं, मागं वळले, आणि मला दुकानाचं शटर खाली ओढल्याचा आवाज आला. भर दिवसा ते शटर मी कधी खाली आलेलं बघितलं नव्हतं.

"ताई, मरंल ती."

"नाही मरत."

"घाबरलीय. सोड, मला बघू दे."

मी सोडलं नाही.

मुठीच्या आत काहीतरी हललं. चिमणीचं पिल्लू हातात धरल्यावर हलतं, तेवढंच.

मी डोळे मिटले.

पुन्हा हललं. माझ्या तळहाताला लागलं. मऊ, ओलसर, केसांसारखं.

मग ते थांबलं.

शिवरुद्रचं ओरडणं थांबलं. त्याचं डोकं माझ्या खांद्यावर आलं आणि तो रडू लागला, लहानपणी पडल्यावर रडायचा तसा. "गेली, ताई. गेली." मायनं दिवा लावला. त्या उजेडात मी त्याची बोटं एकेक करून उघडली.

तळहात गार पडला होता. घट्टे होते तसेच होते. पण हातावर एकही रेष नव्हती. आयुष्याची नाही, नशिबाची नाही, कसलीच नाही. कोऱ्या पाटीसारखा हात.

चार दिवसांनी मॅडमचा फोन आला. "काय केलंत मला विचारायचं नाही. पोरीनं खिडकीचे कागद काढलेत. झोपती म्हणाली." त्यांचा आवाज थकलेला आणि हलका होता. "केस चालणारच, एवढं ध्यानात ठेवा."

केस चालते आहे. शिवरुद्रनं वकील घ्यायला नकार दिला. जे केलं ते कोर्टात कबूल करणार म्हणतो. दुकानात बसतो, डाळ मोजतो. बायका आल्या की मान खाली. त्याला तिचा चेहरा आता आठवत नाही, असं तो सांगतो, आणि मला ते खरं वाटतं. सोमेश्वर गुरुजींना भेटायला अप्पा चुडाव्याला गेले होते. दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही. अप्पा उंबऱ्याबाहेर हात जोडून उभे राहिले आणि परत आले. एवढंही पुष्कळ होतं.

मला वाटलं, संपलं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका दुपारी मी कोर्टाच्या आवारात लिंबाखाली डबा खात होते. डाव्या हाताला ऊब लागली. मला वाटलं डबा गरम आहे. मी डबा खाली ठेवला. ऊब तशीच राहिली.

तळहातात पाणी साचल्यासारखं दिसलं. पाण्यात उजेड. उजेडात एक खिडकी, कागद नसलेली, आणि खिडकीपलीकडं नदी.

मी लगेच मूठ मिटली. हे खरं आहे.

दुसऱ्या वेळी लगेच मिटली, असं मला म्हणता येणार नाही. ती नीट आहे ना, तिला आता भीती वाटत नाही ना, एवढंच बघायचं होतं. ती जमिनीवर बसून टोमॅटो चिरत होती. काहीतरी गुणगुणत असावी, मान डोलत होती. खांदे खाली आले होते. मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. मग लक्षात आलं, माझा अंगठा हलतो आहे.

हाताला मी रुमाल बांधते. तेल उडून भाजलं, असं सगळ्यांना सांगितलं आहे. मायला ते पटलेलं नाही. ती माझ्या रुमालाकडं बघते आणि उठून चुलीकडं जाते. सुकेशनी मॅडमना दोनदा फोन लावला आणि रिंग जायच्या आत तोडला. काय सांगणार होते? मी कोणत्या कलमात बसते, ते मी शोधलेलं नाही. पुस्तक हाताशी असतं. उघडायची हिंमत होत नाही.

दिवसा रुमाल राहतो. झोपेत सुटतो.

काल दुपारी घरी कुणी नव्हतं. मी आडवी झाले होते, कधी डोळा लागला कळलं नाही. जाग आली तेव्हा हात चेहऱ्यासमोर होता, उघडा.

ती खिडकीत केस वाळवत बसली होती. पाठमोरी. तिचे खांदे हळूहळू कानांकडं चढत गेले. फणी हातातच थांबली.

मी मूठ मिटायला हवी होती.

तिनं मान वळवली. इकडं तिकडं शोधलं नाही. थेट वर, माझ्याकडं बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, ओळख होती.

तिकडचा आवाज इकडं येत नाही. फक्त ओठ दिसतात. तिचे ओठ हलले, आणि तो शब्द मला कळला.

"ताई?"